सोड म्हणजे काय सोड?

मोटारसायकल घ्यावी असं माझ्या मनात कधीच नव्हतं. मनात हुंडा न घेण्याचं होतं. त्यातून मोटारसायकल निघाली.

झालं असं. माणिकपूरला ऋतिकाच्या घरी आमच्या लग्नाची बैठक बसली होती. माझ्याकडून सगळे मामा आले होते. लग्न त्यांच्या गावी, चिपळूणला करायचं ठरलं. चहा येईपर्यंत काय बोलायचं हे कोणालाच सुचत नव्हतं. तेवढ्यात ऋतिकाचे वडील दिनानाथकाका चष्मा पुसत अगदी सहज म्हणाले, "बरं, हर्षवर्धनराव, गाडी कुठली बघू?"

माझ्या डोक्यात सणक गेली. शाळेत मराठी शिकवून उरलेल्या वेळात मी हुंड्याविरुद्ध भाषणं देत असे. ऋतिकाची ओळखही अशाच एका भाषणानंतर झाली. (ती मला भेटायला थांबली होती. ती म्हणते, छत्री विसरली होती.) हुंडा हा शब्द हल्ली कोणी उच्चारत नाही, नुसतं 'गाडी' म्हणतात, हे मी स्वतः व्यासपीठावरून शंभरदा सांगितलं होतं. मी उभा राहिलो.

"काका, गाडी तुमच्याकडून येणार नाही! गाडी माझी मी घेईन!"

काका चपापले. "अहो, पण आमच्याकडे मुलीकडचेच बघतात. तशी पद्धत आहे."

"हीच पद्धत मोडायचीय मला."

"बरं, मोडा. पण इथे आणल्यावर उभी कुठे करणार?"

"जिन्याखाली."

काकांनी ऋतिकाच्या आईकडे, वसुंधराकाकूंकडे पाहिलं. "जिन्याखाली मावेल?"

"न मावायला काय झालं?" मीच म्हणालो.

"आणि आमची माणसं? त्यांचं काय?"

"तुमच्यातल्या एकेकाला बसवून फिरवीन!"

ऋतिकाने ओढणी तोंडाशी धरली. मला वाटलं, तिला अभिमानाने भरून आलंय.

निघताना काका दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "रविवारपर्यंत नक्की करा हं. नाहीतर मी एक बघून ठेवलीय, ती सांगून टाकतो."

म्हणजे रविवारपर्यंत माझ्याकडे गाडी नसेल, तर सासऱ्यांची गाडी दारात उभी! ज्या माणसाचं भाषण ऐकून ऋतिकाने त्याला होकार दिला, तोच माणूस हुंड्याच्या गाडीवर टांग टाकून बसणार! असं मी होऊ देणार नव्हतो. अडचण एकच होती. मला मोटारसायकल येत नव्हती. सायकल यायची, पण समोरून कोणी येत नसेल तरच.

पहिली मोटारसायकल कशी निवडावी, हे वसईत कोणालाही विचारावं लागत नाही. लोक आपणहून सांगतात. आमच्या स्टाफरूममधला हार्दिक म्हणाला, "ॲव्हरेज बघ, बाकी सब बकवास." शेजारच्या मनोरमामावशी म्हणाल्या, "काळी नको घेऊस, अंधारात दिसत नाही." (गाडीला दिवा असतो हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझा लागेल का?") माझी स्वतःची अट एकच होती. धूर कमी हवा. हवा सगळ्यांची असते.

शोरूममधल्या विक्रेत्याने माझ्या अटीचं फार कौतुक केलं आणि त्यांच्याकडच्या सगळ्यांत दांडग्या गाडीवर मला बसवलं. माझे पाय जमिनीला लागेनात. "सर, डावीकडे थोडं झुका," तो म्हणाला. मी झुकलो. गाडी माझ्याहून जास्त झुकली. दोन विक्रेते, एक वॉचमन आणि एक गिऱ्हाईक यांनी मिळून आम्हां दोघांना सरळ केलं. विक्रेता मग मला म्हणाला, "सर, स्कूटी दाखवू?" मी त्याला बाणेदारपणे नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

शेवटी नंदाखालच्या सायमनकडे गेलो. सायमन कॉलेजपासूनचा मित्र. त्याच्या काकांची जुनी शंभर सीसीची गाडी केळीच्या बागेजवळच्या पडवीत उभी होती.

"पहिली गाडी जुनीच घ्यावी," सायमन म्हणाला. "तुला ती पाडायचीच आहे ना? नवी कशाला पाडतोस?"

"मी पाडणार नाही."

"सगळे पाडतात. बस बघू. पाय टेकतात?"

पाय टेकले. दोन्ही, टाचांसकट! गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदाच मला जमिनीचा आधार वाटला. गाडी हलकी होती आणि धूरही बेताचा होता. मी जवळजवळ हो म्हणणार होतो.

"आधी चालवून बघ," सायमन म्हणाला. "क्लच दाबून पायाने गिअर खाली टाक. पहिला. किंचित वर उचललास की न्यूट्रल."

न्यूट्रल या शब्दावर माझा तात्त्विक आक्षेप आहे. अन्यायाच्या बाबतीत न्यूट्रल राहणाऱ्यांवर माझं एक स्वतंत्र भाषणच आहे. पण ते सांगण्याची ही वेळ नव्हती, कारण सायमनने किक मारली होती आणि गाडी माझ्याखाली थरथरत होती. (का गाडीवर मी थरथरत होतो, हे तेव्हा नीट कळलं नाही.)

"आता सोड," सायमन म्हणाला.

मी शाळेत व्याकरण शिकवतो. मराठीत वाक्यातलं कर्म गाळलं तरी चालतं, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. त्या दुपारी माझ्या मुठीत क्लच होता, ब्रेक होता, ॲक्सिलरेटर होता आणि जीव होता. यांतलं सोडायचं काय?

मी ब्रेक सोडला. काही झालं नाही.

"सोड ना, घाबरतोस काय!"

मी क्लच सोडला. एकदम. गाडीने उडी मारली आणि फाटकातून बाहेर पडली. मागून सायमन धावत ओरडत होता, "सोड! अरे, सोड, सोड!" आता त्याला ॲक्सिलरेटर म्हणायचं होतं, हे मला त्याने नंतर सांगितलं. मी हँडलच सोडायच्या बेतात होतो.

वळणावर कशीबशी मूठ सैल पडली, वेग कमी झाला, आणि समोर मिरवणूक! कोणाच्या तरी घरी दुसऱ्या दिवशी लग्न होतं आणि बायका वाजतगाजत विहिरीवरून पाणी घेऊन येत होत्या. पुढे बँड, त्यामागे डोक्यावर तांब्याच्या कळश्या घेतलेल्या बायका, सगळ्यांत मागे तांबडं लुगडं नेसलेल्या एक म्हाताऱ्या आजी, तालात पाऊल टाकत. आणि त्यांच्याही मागे मी, पहिल्या गिअरमध्ये.

बँडची चाल आणि माझा पहिला गिअर यांचा वेग अगदी एक होता. थांबलो तर गाडी बंद पडणार आणि पुन्हा चालू करणं मला येत नव्हतं. पुढे जायला रस्ता नव्हता. न्यूट्रल मी पायाने शोध शोध शोधलं. ते तिथे नव्हतं. आजींनी मागे वळून पाहिलं.

"कोनाकडचा रे तू?"

"मुलीकडचा," मी घाबरून म्हणालो. (मुलाकडचा म्हणून निभलं नसतं, असं का वाटलं देव जाणे.)

"मग हॉर्न का नाय वाजवीत? वाजव की! लगीन हाय!"

मी हॉर्न वाजवला. ते बटण मला सापडलं, हे त्या दिवसातलं माझं एकमेव यश. बँडवाल्यांना जोर चढला. कळशीवाल्या बाईंचा तोल गेला आणि आजी ओरडल्या, "मॅग्डलीन, पानी सांडील गो!" मग माझ्याकडे वळून, "हलू वाजव रे, मेल्या!" गावातले लोक फाटकाशी येऊन मला हात करत होते. मला उलट हात करता येत नव्हता. मी मान हलवत होतो, मंत्र्यासारखी. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. चर्चमागून, केळींच्या बागांमधून, आम्ही असे पाच-सात मिनिटं तरी चाललो असू.

मांडवाच्या दारात गाडी आपोआप बंद पडली. सायमनने टाकीखालचा पेट्रोलचा कॉक मुद्दाम बंद ठेवला होता, नळीत उरलेल्या पेट्रोलवर मी फार लांब जाऊ नये म्हणून. सगळ्यांना वाटलं, काय ऐटीत थांबवली! टाळ्याही पडल्या. त्या टाळ्यांच्या नादात मी पाय टेकायचा विसरलो आणि गाडीसकट केळीच्या पानांच्या ढिगात आडवा झालो.

पानांतून वर पाहिलं, तर समोर दिनानाथकाका! शेजारी ऋतिका. नवरीचे वडील व्हिन्सेंट हे काकांचे बँकेतले सहकारी. त्यांच्याकडे दोघं आमंत्रणावरून आली होती.

"हर्षवर्धनराव, तुम्ही इथे?"

"काका," मी पानं झटकत उठलो आणि आवाज शक्य तितका खणखणीत ठेवला, "ही माझी गाडी. शब्द दिला होता. रविवारच्या आत घेतोय."

काकांनी गाडीला एक चक्कर मारली. वाकून पलीकडे पाहिलं. मग अत्यंत काळजीने विचारलं, "बाकीची कुठे आहे?"

"बाकीची?"

"अहो, सत्तर माणसं चिपळूणला न्यायचीत! मी वऱ्हाडाची गाडी विचारत होतो. पन्नासची बस बघू का मोठी बघू! तुम्ही म्हणालात, माझी मी घेईन. मला वाटलं, तुमच्या ओळखीत कोणाची बस आहे. ती जिन्याखाली उभी करणार म्हणालात, तेव्हापासून आमच्या घरात कोणी नीट जेवलेलं नाही."

बँडवालाही थांबून ऐकत होता.

मी ऋतिकाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या वाक्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इतका छान चिडला होतास," ती म्हणाली. "आणि तुला हुंडा नको, हे त्या दिवशी तुझ्या सगळ्या मामांनीही ऐकलं. बरंच झालं की!"

बस काकांनीच ठरवली. मीही आता मागे हटायला तयार नव्हतो. गाडी सायमनकडून घेतली आणि रविवारी माणिकपूरला गेलो. (नाक्यापासून पुढे ढकलत. तिथे रिक्षा फार असतात.) गाडी जिन्याखाली मावली.

काका आतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी गोल घेऊन आले. "नाही म्हणू नका," ते म्हणाले. "हुंडा नाही हा. काळजी आहे."

हेल्मेट! कोरं, लालभडक, पुढे काच असलेलं. तत्त्व आणि प्रेम यांच्यात माझी मोठी ओढाताण झाली. शेवटी प्रेम जिंकलं. मी डोळे मिटले आणि मान खाली घातली. बराच वेळ डोक्यावर काही आलं नाही. डोळे उघडले, तर काका ते ऋतिकाच्या डोक्यावर बसवून हनुवटीखालचा पट्टा ओढून बघत होते.

"हिला मागे बसायचंय ना," ते म्हणाले. "नंदाखालला तुम्हांला चालवताना पाहिलं आणि तसाच दुकानात गेलो."

पुरुषाने स्वतःच्या सुरक्षिततेआधी पत्नीच्या सुरक्षिततेचा विचार का केला पाहिजे, या विषयावर मी लगेच दोन शब्द बोलायला सुरुवात केली. ऋतिकाने हेल्मेटची काच खाली ओढली.