बारा मिनिटांची दुबार नोंद

गरजू माणसाला मदत न मिळणं ही दुःखाची गोष्ट आहे. पण तीच मदत त्याला दोनदा मिळणं ही गंभीर बाब आहे. दुःख माणूस हळूहळू विसरतो. गंभीर बाबीसाठी बैठक घ्यावी लागते.

त्यासाठीच सामाजिक संरक्षण समन्वय परिषद स्थापन झाली. तिच्यात सरकारची नऊ खाती होती, सहा आंतरराष्ट्रीय संस्था होत्या आणि एक गृहस्थ होते, जे कोणातर्फे आले हे अखेरपर्यंत कळलं नाही. (ते प्रत्येक बैठकीला वेळेवर येत, म्हणून त्यांना अध्यक्ष केलं.) मी परिषदेचा इतिवृत्तलेखक. जे घडलं ते मी लिहून घेतलं आणि जे घडलं नाही ते ठरावात घातलं.

पहिलं वर्ष 'म्हातारा कोणाला म्हणावं' यात गेलं. आरोग्य खात्याचा म्हातारा साठीचा होता, निवारा खात्याचा पासष्टीचा. एका संस्थेचा म्हातारा पंचावन्नलाच सुरू व्हायचा, पण तो डोंगरावर राहणारा हवा. सतरा बैठकांनंतर एकमत झालं, की म्हातारपण ही एक प्रक्रिया आहे. (मसुदा लिहिणारे दोघे त्याच प्रक्रियेत निवृत्त झाले.) दुसऱ्या वर्षी सगळ्यांच्या याद्या मिळून एक महायादी झाली आणि ती संगणकात भरली. जन्मतारीख, आईचं नाव, वडलांचं नाव आणि चेहरा, हे चारही जुळले की माणूस एकच, असा साधासुधा नियम. संगणकाने चाळीस मिनिटांत देशातली दुबार माणसं शोधून काढली. त्यात या दोघी सापडल्या.

दोघी जुळ्या बहिणी. थोरली बारा मिनिटांनी थोरली. ती इस्पितळात परिचारिका होती. उभ्या जन्मात कधी बसली नाही, आणि आता एकदा बसली की गुडघे तिला उठू देत नसत. धाकटी शिवणकाम करायची. काजं-बटणं करता करता तिचे डोळे अधू झाले होते. थोरलीला एका संस्थेकडून गुडघ्यांच्या गोळ्या मिळत, धाकटीला एका खात्याकडून चष्मा. राहायच्या एकाच मजल्यावर, दाराला दार लावून, आणि एकोणीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण असं, की धाकटीने महिनाभर खपून थोरलीसाठी कोट शिवला होता, आणि थोरलीने तो घालून, आरशात मागून-पुढून बघून म्हटलं होतं, "बरा आहे."

(कोट उत्तम होता. मी पाहिला आहे.)

दोघींना एकच मजकूर गेला: 'आपण दोन ठिकाणी आढळून आला आहात. तरी मूळ प्रतीसह समक्ष हजर राहावे.'

सुनावणी तिसऱ्या मजल्यावर होती, कारण ज्येष्ठांच्या सोयीसुविधांचा कक्ष तिथे आहे. लिफ्टची दुरुस्ती दोन खात्यांच्या समन्वयात अडकली होती. थोरली दर पायरीवर थांबत, कण्हत चढली. धाकटीला पायऱ्या दिसत नव्हत्या. ती त्या कण्हण्याच्या मागोमाग चढली.

"तुमच्यापैकी मूळ कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी," थोरली म्हणाली. "बारा मिनिटं आधीची आहे."

"साहेब, तिला सांगा, बारा मिनिटांत कोणी मोठं होत नाही," धाकटी म्हणाली.

"अगं, मी इकडे बसलेय. त्या कपाटाशी काय बोलतेस?"

"बोलली! माझ्याशी बोलली!" धाकटी एकदम ताठ बसली. "लिहून घ्या हो!"

मी लिहून घेतलं.

एका संस्थेच्या तज्ज्ञ बाईंनी भीत भीत सुचवलं, की या कदाचित दोन व्यक्ती असाव्यात. तसं असेल तर महायादी चुकली, आणि महायादीच्या यशाचा अहवाल तर छापून आला होता, रंगीत मुखपृष्ठासकट. अध्यक्षांनी सूचनेचं मनापासून स्वागत केलं आणि ती पुढच्या वर्षावर ढकलली.

मग एकत्रीकरण झालं. एका नोंदीत दोन गुडघे दुखत होते, दुसरीत एकही नाही. सरासरी एक गुडघा. डोळ्यांचंही तसंच. त्यानुसार एकत्रित लाभार्थीला एका गुडघ्याच्या गोळ्या आणि एका भिंगाचा चष्मा मंजूर झाला. (भिंग डावं की उजवं यावर दोन संस्थांचं जुळेना. मधोमध बसवावं असं जवळजवळ ठरलं होतं, पण चष्मेवाल्याने हात जोडले.) एका नोंदीला दोन नावं आणि दोन पत्ते चालत नाहीत, म्हणून थोरलीचं नाव आणि पत्ता रद्द झाला. गोळ्या धाकटीच्या दारात येऊ लागल्या. अभिमान हा आजार कोणत्याच यादीत नसल्यामुळे थोरलीने त्या मागितल्या नाहीत, धाकटीने दिल्या नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या घरातून चपलांचा आवाज येईनासा झाला. धाकटीने दोन दिवस कान लावले. मग दार ठोठावलं.

"उघड."

"उठता येत नाही."

"मग आत कशी येऊ?"

"किल्ली पायपुसण्याखाली आहे."

"मला दिसत नाही!"

"हाताने चाचप. जन्मभर सुया शोधल्यास ना?"

धाकटी चाचपत आत गेली, तर हात लागला तो पलंगाशी टांगलेल्या कोटाला. कोपरं झिजून पार विरली होती.

"एवढा वापरलास?" तिने विचारलं.

"बरा होता," थोरली म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "फार बरा होता गं."

त्यानंतर दोघी जे बोलत सुटल्या, ते शेजाऱ्यांच्या दोन तक्रार-अर्जांत तपशीलवार आलं आहे.

आता परिषदेची आणखी एक योजना होती: एकाकी वृद्धांना सोबत. महायादीनुसार धाकटी एकटीच राहत असल्याने तिला सोबतीण मिळायला हवी होती. अर्ज थोरलीने वाचला. जिथे तिने बोट ठेवलं तिथे धाकटीने सही केली. सोबतिणीसाठी अटी तीन: ती निवृत्त परिचारिका असावी, हितसंबंध टाळण्यासाठी तिचं नाव कुठल्याही यादीत नसावं, आणि गुडघे ठणठणीत असावेत. देशात पहिल्या दोन अटींत बसणारी एकच बाई निघाली.

तपासणीच्या डॉक्टरांनी विचारलं, "गुडघे कसे आहेत?"

"ठणकतात," थोरली म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही.

डॉक्टरांनी संगणकात पाहिलं. "ते दुखणं दुसऱ्या बाईंच्या नावावर आहे. तुम्ही तंदुरुस्त आहात."

थोरलीची नेमणूक झाली. कर्मचारी म्हणून तिला दोन्ही गुडघ्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. रुजू होताच तिने लाभार्थीच्या दुसऱ्या भिंगाची शिफारस केली, आणि शिफारस कर्मचाऱ्याकडून आल्यामुळे ती चार दिवसांत मंजूर झाली.

परिषदेच्या वार्षिक अहवालात हे प्रकरण सात पानं आहे. गरजूंमध्ये पन्नास टक्के घट. यादीतून गेलेल्यांना शंभर टक्के रोजगार. बहिणी-बहिणींतल्या संभाषणात किती टक्के वाढ ते काढता आलं नाही, कारण आधीचा आकडा शून्य होता आणि भागाकार होईना. चार देशांची शिष्टमंडळं येऊन दोघींच्या स्वयंपाकघरात उभी राहून गेली. दुसऱ्या शिष्टमंडळाच्या दुभाष्याने दोघी एकदम बोलायला लागल्यावर वही मिटली आणि बटाटे सोलायला घेतले.

या यशामुळे महायादी आता सर्व नागरिकांना लागू झाली आहे. इथवर वाचताना आपल्या मनात येऊन गेलंच असेल, की हे सगळं गरीब, म्हाताऱ्या, जुळ्या माणसांचं झालं. आपल्यासारखी व्यक्ती काही दुसरी असायची नाही. परिषदेचंही हेच मत आहे. आपल्याशी तंतोतंत जुळणारी व्यक्ती मागच्याच महिन्यात सापडली, आणि नियमाप्रमाणे दोहोंपैकी एकीचीच, म्हणजे तिची, नोंद ठेवली. त्या व्यक्तीने अर्ज मुदतीत भरला होता आणि फोटोत ती हसत होती. तरीही अन्याय नको म्हणून आपल्या घरच्यांना दोन्ही फोटो दाखवण्यात आले. ते म्हणाले, हसणारी चालेल.