निमगडे वकिलांचा उन्हाळी कोट

एप्रिल संपत आला की राजुऱ्याच्या कोर्टाच्या आवारात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. पाण्याच्या टाकीखाली जरा ओल असते, तिथे ती पोट टेकून पडलेली असतात. अशा वेळी काळा जाड कोट, त्याच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या, गळ्याला कडक पांढरा बँड, अशा थाटात फाटकातून एक गृहस्थ आत येतात. ते स्वतः कसे असतात देव जाणे, पण बघणाऱ्याला मात्र घाम फुटतो. हे आमचे पुंडलिक निमगडे वकील.

खालच्या कोर्टांतल्या वकिलांना उन्हाळ्यात कोटाची सूट असते. मार्चमध्ये बार रूमच्या फळ्यावर तसा कागद लागतो आणि दुपारपर्यंत सगळे कोट खुंट्यांवर जाऊन बसतात. मग जूनअखेरपर्यंत आम्ही वकील पांढऱ्या कपड्यांत फिरतो. फक्त निमगडे वकील काळे ते काळेच. त्यांच्या कोटाचा मूळ रंग काळा होता असं म्हणायचं, आता खांद्यांवर तो विटकरी झालाय आणि पाठीवर घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्यात.

कोटाशी माझं जुनं वैर आहे. मी चंद्रपूरहून रोज एसटीने येते. रेक्झिनच्या तापलेल्या सीटवर पाऊण तास बसून आल्यावर माणसाचं मत आपोआप बनतं. दोन वर्षांपूर्वी बारच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं होतं की हा कोट थंड मुलखातल्या लोकांनी थंड मुलखासाठी शिवला, आपल्याकडे तो घालून माणूस वकील होत नाही, उकडलेला बटाटा होतो. लुंगीवर आलेल्या पक्षकाराला दारातून हाकलणाऱ्यांनाही मी त्याच दमात धुऊन काढलं. खरं-खोटं ठरवायच्या जागी इस्त्रीला एवढं महत्त्व कशाला, असा माझा सवाल होता. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात निमगडे वकिलांनी वाजवल्या, कोट घालून.

"बाईंचं म्हणणं शंभर टक्के बराबर हाये," ते म्हणाले. "रेकॉर्डवर येऊ द्या."

हे त्यांचं पालुपद. कँटीनचा चहा पाणचट लागला तरी ते रेकॉर्डवर येऊ द्यायचं असतं, आणि बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सांगतात, मुलगी पाहायला आले तेव्हा निघताना वहिनींच्या वडिलांना म्हणाले होते, पोहे चांगले झाले होते, हे रेकॉर्डवर येऊ द्या. वडिलांना वाटलं, नकार आहे. दोन आठवडे घरात सुतक.

तर, माझं सगळं मान्य करून निमगडे वकील कोट काही काढेनात. विरोध करणाऱ्याशी मी भांडू शकते, तो माझा धंदाच आहे. पण शंभर टक्के बरोबर म्हणणाऱ्याचं काय करायचं? मी चिडले, आणि चिडण्यातूनच मला या माणसाचं कुतूहल वाटू लागलं.

आवारात प्रत्येकाकडे एकेक उत्तर तयार होतं. टायपिस्टच्या मते आतला शर्ट पाठीवर फाटलेला असणार. कँटीनवाला म्हणे, त्यांनी पैज लावलीय; कोणाशी लावली ते मात्र त्याला आठवत नव्हतं. एका ज्येष्ठ वकिलांनी मला गंभीरपणे सांगितलं की निमगडेंना थंडी वाजते, लहानपणी मलेरिया झाला होता. मी तर मुद्दाम त्यांच्या मागे बसून पाहिलं. कोट वर सरकला तेव्हा शर्ट दिसला, चांगला धडधाकट होता.

शेवटी वहिनींनाच गाठलं. त्या म्हणाल्या, त्यांनी विचारणं कधीच सोडलंय. कोट धुवायला फक्त शनिवारी संध्याकाळी मिळतो, रविवारी पंख्याखाली वाळतो आणि सोमवारी सकाळी नवरदेवासारखा निघतो. एकदा त्यांनी रागारागाने तो पेटीत कुलूप लावून ठेवला, तर हे गृहस्थ शेजारच्या वकिलाचा कोट मागून घालून गेले. तो दोन बोटं आखूड होता.

मला पहिला धागा सापडला तो बसस्टँडवर. कोर्ट सुटल्यावर मी चंद्रपूरच्या बसची वाट पाहते. निमगडे वकिलांचं घर उलट्या बाजूला, तरी ते रोज स्टँडवर येतात आणि रसवंतीच्या बाजूला उभे राहतात. कोट अंगावरच. साडेपाचला जिवतीची शेवटची बस डोंगरातल्या गावांकडे निघते. ती वळणावर दिसेनाशी झाली की हे गृहस्थ शांतपणे गुंड्या सोडतात, कोट काढून हातावर घेतात आणि घरी जातात. मी आठ दिवस पाहिलं. बस पाऊण तास उशिरा सुटली तर कोटही पाऊण तास उशिरा उतरायचा.

दुसरी गोष्ट मला आधीपासून माहीत होती, पण मी तिचा वाईट अर्थ लावला होता. सकाळी दहाला हे फाटकाजवळ उभे असतात. बसमधून उतरलेले खेड्यापाड्यातले लोक सरळ त्यांच्याकडे येतात, आणि ते त्यांना हाताला धरून आत नेतात. आम्हाला वाटायचं, हे फाटकावरच पक्षकार गळाला लावतात. नीट लक्ष दिल्यावर दिसलं की ते ज्याचा पक्षकार त्याच्याच टेबलापाशी नेऊन सोडतात. दोनदा तर माझेच पक्षकार त्यांनी मला आणून दिले होते, आणि मी आभारसुद्धा मानले नव्हते.

या एप्रिलमध्ये व्हायचं ते झालं. एका साक्षीदाराची उलटतपासणी घेता घेता निमगडे वकील म्हणाले, "माझा मुद्दा असा आहे की," आणि खाली बसले. खुर्ची जरा डावीकडे होती. न्यायाधीश मॅडम स्वतः उतरून आल्या, कोणी पाणी आणलं, कोणी कागदाने वारा घातला. कोटाच्या गुंड्या सोडायला मी पुढे झाले तर डोळे मिटलेल्या माणसाने माझा हात धरला.

मॅडमनी समजुतीच्या सुरात, पण स्पष्ट सांगितलं: उद्यापासून उन्हाळा संपेपर्यंत माझ्या कोर्टात तुम्ही कोट घालायचा नाही. ते जी म्हणाले. मला आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच पांढऱ्या शर्टात कामाला उभे राहिले. अगदी वेगळेच, जरा लहान वाटले. पण त्यांचं काम संपलं आणि बाहेर येऊन पाहते तर दारावरच्या शिपायाकडे ठेवलेला कोट यांनी परत चढवला आणि फाटकावर जाऊन उन्हात उभे! हुकूम कोर्टाच्या खोलीपुरता होता. फाटक त्यात येत नव्हतं. आधी निदान पंख्याखाली तरी असायचे, आता दोन कामांच्या मधला सगळा वेळ उन्हात.

मग माझा संयम सुटला. मी त्यांना ओढत कँटीनमध्ये नेलं, पन्ह्याचा ग्लास समोर ठेवला आणि म्हटलं, आज मला कारण कळल्याशिवाय उठायचं नाही. मरायचं असेल तर कारण सांगून मरा.

त्यांनी अर्धा ग्लास संपवला. मग सांगू लागले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात पालुपद आलं नाही.

वकिली सुरू करून त्यांना दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. जंगूबाई नावाची एक कोलाम आदिवासी म्हातारी डोंगरावरच्या गावातून त्यांच्याकडे आली होती. तिच्या शेताचा दावा होता. कोर्टातली गर्दी पाहून ती घाबरली, तेव्हा त्यांनी तिला खूण सांगितली होती: काळ्या कोटवाल्यांकडे पाहायचं, त्यांच्यातच मी सापडेन. हिवाळाभर ती तशीच येत राहिली. काळ्या कोटांचे चेहरे बघत बघत ती बरोबर त्यांच्यापाशी पोचायची.

तिच्या साक्षीची तारीख आली ती एप्रिलात. कोटाची सूट लागली होती. निमगडे तरुण होते, त्यांनीही आनंदाने कोट घरी ठेवला होता. जंगूबाई सकाळच्या बसने उतरली, फाटकातून तिने आत पाहिलं. आत नुसते पांढऱ्या शर्टातले लोक, बाजारात असतात तसे. काळा कोट एकही नाही. ती दुपारपर्यंत रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली बसली आणि परतीच्या बसने गावी गेली. इकडे आत तिच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. निमगडेंनी पुढची तारीख मागितली, पण आधीच दोनदा मागून झाली होती. तिचा पुरावा बंद झाला, म्हणजे साक्ष द्यायची संधीच गेली, पुढे दावा गेला, अपिलातही काही हाती लागलं नाही.

"पुढच्या तारखेले आली तं मलेच विचारते," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमी लोक कोनीच आले नाई, वकीलसाहेब. कोर्टाले सुट्टी होती काय?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"होती म्हटलं."

पुढे जंगूबाई जिवंत होती तोवर दर उन्हाळ्यात त्यांच्यासाठी पळसाच्या पानात बांधून चारोळी आणायची. शेत गेल्याचा राग तिने कधी त्यांच्यावर काढला नाही, कारण सुट्टीच्या दिवशी वकील तरी काय करणार. ती तसं समजूनच गेली.

"हे तेवढं रेकॉर्डवर नका येऊ देऊ, बाई."

माझ्या मनात आधी आला तो शहाणा प्रश्न, तिने कोणाला विचारलं कसं नाही? आपण दहा जणांना विचारलं असतं. पण प्रत्येक खिडकीवर ज्याला खेकसून उत्तर मिळालेलं असतं, तो विचारणं सोडतो आणि नुसतं पाहू लागतो. हे मला माहीत होतं. लुंगीवाल्यांची बाजू मांडून मी टाळ्या घेतल्या होत्या, आणि पाहणाऱ्याला काय दिसतं हे एकदाही पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली. (हे लिहायची परवानगी मी नंतर मागून घेतली. द्यायला त्यांनी चार दिवस लावले आणि आधी वहिनींना स्वतः सांगितलं.)

त्याच आठवड्यात त्यांना पुन्हा चक्कर आली, या वेळी फाटकावर. डॉक्टरांनी आठ दिवस घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं. मी भेटायला गेले तर ते पलंगावर बसून तारखांची डायरी चाळत होते. सोमवारी एका शेतकऱ्याच्या दाव्यात वरच्या गावचा एक म्हातारा साक्षीला येणार होता. शेवटची संधी म्हणून मिळालेली तारीख. त्यांनी फाइल माझ्या हातात दिली, तुम्ही उभ्या राहाल ना म्हणून विचारलं. कोटाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मीच खुंटीकडे पाहत बसले होते.

सोमवारी मी बार रूममधल्या माझ्या खुंटीवरून माझा कोट काढला. त्यावर महिन्याभराची धूळ होती. तो घालून, गुंड्या लावून, दहा वाजता फाटकावर जाऊन उभी राहिले. काय काय ऐकून घेतलं ते विचारू नका. एकाने विचारलं, मॅडम, पक्ष बदलला काय? कँटीनवाला तर खास बाहेर येऊन पाहून गेला, त्याची पैजेची गोष्ट आता नक्की खरी ठरणार होती. पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते आणि मी त्या उकडलेल्या बटाट्याच्या भाषणातला शब्द न् शब्द आठवत होते. ते भाषण अजूनही मला बरोबरच वाटतं. तरी मी हलले नाही.

साडेअकराच्या सुमाराला एक म्हातारा रस्त्यापलीकडे दिसला. धोतर, खांद्यावर दुपट्टा, प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला समन्स. तो लिंबाखाली उभा राहून आवाराकडे पाहत होता. पांढऱ्या शर्टांवरून त्याची नजर सावकाश फिरली. मग त्याने पिशवी काखेत मारली आणि स्टँडच्या दिशेने दोन पावलं टाकलीसुद्धा. हाक मारावी तर मला त्याचं नाव आठवेना, म्हणून मी फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या मधोमध गेले. त्याने वळून पाहिलं. आधी कोटाकडे, मग माझ्याकडे.

तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "चालू हाये काय बाई, कोर्ट?"

चालू आहे म्हटलं. त्याचा हात धरून आत नेलं. त्याची साक्ष दुपारी झाली, आणि चांगली झाली. बांध कुठे होता, बांधावरची मोहाची झाडं कोणी तोडली, सगळं त्याने न अडखळता सांगितलं.

संध्याकाळी त्याला स्टँडवर जिवतीच्या बसमध्ये बसवून दिलं आणि रसवंतीच्या बाजूला उभी राहून निमगडे वकिलांना फोन लावला. साक्ष झाली, एवढंच सांगितलं. पण तो दोन पावलं माघारी फिरला होता आणि कोट पाहून परत वळला, हेही तोंडून निघून गेलं.

मग त्यांनी विचारलं, "जिवतीची बस गेली काय?"

मी वळणाकडे पाहिलं. नुसती धूळ उरली होती. गेली, म्हटलं.

"मग काढा आता कोट, बाई."