सासूबाई, सेक्स्टिंग आणि निळा शर्ट

जोडपी एकमेकांना फोनवर चावट संदेश पाठवतात त्याला सेक्स्टिंग म्हणतात, आणि त्यावर झालेलं संशोधन माझ्याइतकं आमच्या विद्यापीठात कुणीही वाचलेलं नाही. (मी स्वतः नवऱ्याला 'येताना दूध आण' यापलीकडे काही पाठवलेलं नाही, पण तो मुद्दा वेगळा.) माझ्या पीएचडीचा निष्कर्ष तयारच होता: सुरुवातीचे संशोधक या प्रकाराला घाबरायचे, अलीकडचे त्यात जवळीक शोधतात. वर्षागणिक 'जवळीक' दाखवणाऱ्या आलेखाची रेघ काय झोकात वर चढत होती!

गाइडबाईंनी अट घातली. "प्रत्येक शोधनिबंधावर 'धोका' की 'जवळीक' हा शेरा दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे मारायचा. तुमचे शेरे जुळले तर प्रबंध पुढे. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून."

एवढे निबंध फुकटात वाचणार कोण? सासूबाई. विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. तपासायला पेपर मिळत नाहीत म्हणून वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने काढणाऱ्या. विषय ऐकून बिचकतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

आमचे शेरे छान जुळत होते. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "नुसतं वाचून मत देणं मला पटत नाही गं. प्रयोग केल्याशिवाय मी वर्गातही काही शिकवलं नाही."

"पण आई, प्रयोग कुणावर?"

त्यांनी हॉलकडे पाहिलं. तिथे सासरे शब्दकोडं सोडवत होते.

संदेश मी नंतर वाचला. 'आज निळा शर्ट घाला. त्यात तुम्ही फार देखणे दिसता. वाट पाहते आहे.' बास, एवढाच. पण बायकोने आपल्याला कधी देखणं म्हटल्याचं सासऱ्यांना आठवेना. ते ताडकन उठले. "हिचा फोन कुणीतरी हॅक केलाय!"

बायको पलीकडे स्वयंपाकघरात. जाऊन विचारावं की नाही? यांनी तिचा नंबर ब्लॉक केला, बँकेला सांगून दोघांचं खातं गोठवलं आणि तो संदेश जसाच्या तसा सगळ्या नातेवाइकांना पाठवला: 'हिच्या नावाने असलं काही आलं तर उत्तर देऊ नका. चोर आहेत.'

पहिला फोन सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाईंचा. "निळा म्हणजे तो चौकडीचा का गं?"

सासूबाईंनी लाल पेन उचललं आणि तपासून झालेल्या निबंधांसकट सगळ्यांवर 'धोका' मारला. माझी रेघ आडवी झाली. मला खरंच रडू आलं.

मी सासऱ्यांना गाठलं. "बाबा, तो संदेश आईंनीच पाठवला होता. मनापासून."

त्यांनी फोन काढून तो संदेश पुन्हा वाचला. "देखणा म्हणाली?"

संध्याकाळी ते निळ्या शर्टात आले. पोटावरचं बटण लागत नव्हतं. स्वयंपाकघरात शिरले आणि दार लोटून घेतलं.

सकाळी सासूबाई गुणगुणत होत्या. टेबलावर निबंधांचा गठ्ठा. मी अधाशासारखी पानं उलटली. 'जवळीक'. 'जवळीक'. या नादात लोकांची नोकरी आणि अब्रू कशी गेली हे सांगणारा सर्वांत जुना निबंध, त्यावरही 'जवळीक', वर दोनदा अधोरेखित. रेघ पुन्हा आडवीच, फक्त आता अगदी वर.

तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आहे. प्रयोगाचं म्हणाल, तर काल धीर करून मीही नवऱ्याला लिहिलं: 'वाट पाहते आहे. लवकर ये.'

लगेच उत्तर आलं. 'दूध संपलं का?'