ज्ञानम् सर आणि त्यांचे चार शेजारी

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, मागे कोण भांडतंय?" ते आमच्या मैलापूरच्या समोरच्या फ्लॅटमधले ज्ञानम् सर. भांडण दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांवरून होतं, फोनवर सांगून समजलं नसतं. म्हणून लिहिते.

येशूची हकिगत सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत. परंपरा त्यांचे चार लेखक मानते, आणि सर त्या चौघांशी शेजाऱ्यांसारखे वागतात. इन्कम टॅक्स भरायची वेळ आली की मत्तय वाचतात. "जकातदार होता, माझा ताप त्यालाच कळणार." खरा ताप आला की लूक. "वैद्य आहे, फीसुद्धा नाही." घाईत असले की मार्क, कारण तो सर्वांत छोटा. योहान मात्र जेवणानंतरच. "फार गहन लिहितो, रिकाम्या पोटी झेपत नाही, टीचरम्मा." टीचरम्मा म्हणजे मी.

रविवारी मीच काडी टाकली. म्हटलं, "सर, ही नावं मागाहून लावली असं बरेच अभ्यासक म्हणतात. मूळ लिखाणावर लेखकाचं नावच नव्हतं म्हणे."

"अय्यो! म्हणजे इतकी वर्षं चार अनोळखी माणसं माझ्या घरात राहतायत?"

नेमका तेव्हा तुमचा फोन आला.

फोन ठेवते तोच त्यांची बायको स्टेला आली. तिला अलीकडे विसर पडतो. बसल्या बसल्या सांगू लागली: लग्न झालं, मग जॉर्ज टाउनात शिवणयंत्र घेतलं, हातगाडीवाला आलाच नाही, एका मुलानं ते डोक्यावर घेतलं, मग त्या मुलाशी ओळख झाली. सगळं उलटसुलट. आणि अख्ख्या बिल्डिंगच्या चुका काढणारे सर नुसती मान डोलावत होते.

"क्रम चुकला, सर," मी हळूच म्हटलं.

"चुकू दे. येशूचा शिष्य पेत्र म्हातारपणी आठवेल तसं सांगायचा, मार्क तसंच लिहायचा. मध्ये तोंड घातलं असतं तर पेत्र बोलायचाच थांबला असता."

एवढा जुना विश्वास, आणि तो माणूस त्यावर रोजचा संसार चालवत होता.

मग रोज विचारतात तसं त्यांनी जपून विचारलं, "त्या मुलाचं नाव काय होतं, स्टेला?"

अनोळखी पाहुण्याकडे पाहून हसावं तशी ती त्यांच्याकडे पाहून हसली. "नाव नाही आठवत. पण मान दुखली तरी यंत्र खाली नाही ठेवलं हो त्यानं."

"आमाम्," सर म्हणाले. "हो. चांगला मुलगा होता." आणि स्वतःची मान चोळत तिला पाणी द्यायला उठले.

शिवणयंत्राची गोष्ट स्टेला अजून रोज सांगते.