ओढ्यात गेलेला युक्तिवाद

वकीलसाहेबांच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नाही, ही गोष्ट जावयाला कळता कामा नये, असा घरात सक्त हुकूम होता. वकीलीणबाई आणि मुलगी यांनी तो लग्नापासून पाळला होता. ज्या जिभेला कोर्टात भलेभले वचकून असत, ती अशी कुंपणाशिवाय उघड्यावर पडावी, हे साहेबांना मंजूर नव्हतं.

यंदा मात्र त्या जिभेपुढे घरचाच खटला उभा होता. मुलगी आणि जावई नोकरीसाठी दूरच्या देशात निघाले होते. जावई पुलांचे आराखडे करणारा इंजिनिअर. विचारल्याशिवाय तो बोलत नसे, आणि वकीलसाहेब कुणाला काही विचारत नसत. हे जाण्याचं खूळ त्याच्याच डोक्यातलं, असा त्यांनी निकाल देऊन टाकला होता. आता फक्त युक्तिवाद बाकी होता. त्यासाठी त्यांनी जंगलातली लांबच लांब पायवाट निवडली. वाटेत ओढे, धबधबे, आणि विरुद्ध पक्षाला पळायला जागा नाही.

सकाळी निघताना वकीलीणबाई म्हणाल्या, "अहो, माझे गुडघे नाही म्हणतायत. आम्ही दोघी गाडीनं फिरून पलीकडच्या फाटकाशी येतो. तुम्ही या चालत."

"उत्तम!" वकीलसाहेब म्हणाले. साक्षीदारही नकोच होते त्यांना.

पहिला ओढा येईपर्यंत त्यांनी प्रस्तावना संपवली. "जावईबापू, आता मुद्दा पहिला. नीट ऐका हं. थांबा, जरा तोंड धुतो."

पाणी बर्फासारखं गार होतं. ओंजळ तोंडावर मारली मात्र, अशी सणसणीत शिंक आली की समोरच्या झाडावरची पाखरं उडाली आणि त्यांच्याबरोबर कवळीही उडाली. वरची, खालची, दोन्ही. क्षणभर ती पाण्यात दात विचकून हसली आणि दगडांवरून टुणटुणत प्रवाहाला लागली.

जावई पुढं गेला होता. तो वळून बघतो तो सासरे गुडघाभर पाण्यात उभे राहून काठीनं ओढा ढवळतायत.

"मासे आहेत का, बाबा?"

वकीलसाहेबांनी मान डोलावली. दुसरं काय करणार?

थोड्या वेळानं ते हात हलवत बाहेर आले आणि तोंडावर रुमाल धरून चालू लागले. जावयानं विचारलं, "मुद्दा पहिला काय म्हणत होता?" साहेबांनी हातानंच 'राहू दे' अशी खूण केली. आता जावई घाबरला. सासऱ्यांचं बोलणं त्यानं चार वर्षं मुकाट्यानं सोसलं होतं, पण त्यांचं गप्प बसणं त्याला नवं होतं. नक्कीच भयंकर रागावले असणार. बांबूचं बन सरलं, दुसरा ओढा आला, तरी शब्द नाही. शेवटी त्या शांततेचं ओझं त्याला पेलवेना.

"बाबा, तुम्ही चिडलाय ते कळतंय मला," तो म्हणाला. "पण एकदा सांगूनच टाकतो. मला नाही जायचं तिकडं. मी इथं सुखात आहे. नोकरी मला लागलेली नाही. तिला लागलीये."

रुमालाआड वकीलसाहेबांचा जबडा खाली आला.

"तिनं सांगायचा प्रयत्न केला तुम्हाला. दोनदा केला. पहिल्यांदा 'बाबा, नोकरीचं पत्र आलंय' एवढंच म्हणाली, तर तुम्ही माझं अभिनंदन केलंत. दुसऱ्यांदा तिनं तोंड उघडायच्या आत तुम्ही मला झापायला लागलात. मग ती म्हणाली, जाऊ दे."

वकीलसाहेबांच्या डोक्यात एकाच वेळी पाच हरकती उभ्या राहिल्या. एरवी एवढ्यात त्यांनी समोरच्याची दाणादाण उडवली असती. पण तोंडातून हवेशिवाय काही निघणार नव्हतं, आणि ती हवा ऐकवण्यापेक्षा गप्प बसणं बरं. हरकती गिळाव्या लागल्या. त्या गिळल्यावर मग जावयाचं पुढचं वाक्य ऐकू आलं.

"तिला काम आवडलंय म्हणून जायचंय, हे खरंच. पण एकदा म्हणाली, मला अशा ठिकाणी राहून बघायचंय जिथं माझं वाक्य मीच संपवीन. लहानपणी शाळेतलं भांडण सांगायला लागली की अर्ध्यावरच निकाल लागायचा म्हणे."

मोठा धबधबा आला होता. वकीलसाहेब एका खडकावर बसले. ते शाळेतलं भांडण कुणाशी होतं, कशावरून होतं, हे त्यांना काही केल्या आठवेना. निकाल काय दिला होता तेवढा आठवत होता. डोळे भरून आले. पुसायला त्यांनी रुमाल तोंडावरून वर नेला, आणि तिथंच घोटाळा झाला.

"बाबा!" जावई किंचाळला. "तुमचं तोंड! आत गेलंय सगळं!"

सकाळपासूनच्या खुणा त्याच्या डोक्यात भराभर जुळल्या. बोलणं बंद, तोंड झाकलेलं, डोळ्यांत पाणी. अर्धांगाचा झटका! "हसून दाखवा बघू मला!"

साहेबांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"हसता येत नाही! हात वर करा!"

साहेबांनी दोन्ही हात वर केले.

"आता काहीतरी बोला. काहीही बोला!"

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इज्जत गुंडाळून ठेवून वकीलसाहेब ओरडले, "हात! हात गेवे!"

"हात गेले? अहो पण वर तर आहेत!"

"हात नाई! हात! हात!"

"जीभही जड झालीये," असं म्हणत जावयानं सासऱ्यांना पाठुंगळीला मारलं आणि तो वाटेला लागला. वकीलसाहेब त्याच्या पाठीवर गुद्दे मारू लागले. "उजवा हात चालतोय, छान!" तो धापा टाकत धीर देत होता. "मारत राहा, बाबा. आता डाव्यानं मारा!"

पुढच्या ओढ्यात शेवाळावरून पाय सरकला आणि सासरे-जावई दोघंही पाण्यात फतकल मारून बसले. वकीलसाहेबांनी मग दोन्ही हातांच्या बोटांनी स्वतःचे ओठ ताणले आणि आतल्या गुलाबी हिरड्या जावयाच्या नाकासमोर धरल्या.

जावयानं वाकून आत डोकावून पाहिलं.

"म्हणजे मघाशी ते मासे नव्हते?"

वकीलसाहेबांनी मान हलवली. जावयाचे खांदे हलायला लागले. सासऱ्यांसमोर हसू नये म्हणून त्यानं ओढ्यात तोंड घातलं, आणि तिथून बुडबुडे आले. ते बघून साहेबही हसले. तोंड भरून हसले, रुमाल न लावता.

पलीकडच्या फाटकाशी दोघी वाट बघत होत्या. ओलेचिंब पुरुष बघून वकीलीणबाईंनी कपाळाला हात लावला. जावयानं थोडक्यात हकीकत सांगितली. तशी त्यांनी लगेच पर्स उघडून आतली डबी दाखवली. "तरी मला वाटलंच होतं. जुनी कवळी आणलीये मी बरोबर. घ्या, बसवा."

वकीलसाहेबांनी डबीकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. आणि बायकोच्या पर्सची चेन हळूच ओढून बंद केली.

"अहो, असं काय? बोलणार कसे?"

ते गाडीत मागच्या बाजूला मुलीशेजारी जाऊन बसले. जावयानं गाडी सुरू केली. मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बोला, बाबा. काय ते एकदाचं बोलून टाका."

त्यांनी मान हलवली आणि बोट तिच्याकडे केलं.

"मी? मी काय बोलू? ते नोकरीचं..." ती सवयीनं थांबली. मधेच कुणी तोडणार, म्हणून वाट बघत राहिली. कुणी तोडलं नाही. "ते नोकरीचं असं आहे, बाबा..." असं म्हणून तिनं सुरुवात केली, ती घाट उतरून गाडी सपाटीला लागेपर्यंत थांबलीच नाही. काम काय, ते तिलाच का मिळालं, रात्री झोप का येत नाही, आईच्या गुडघ्यांची काळजी, सगळं. वकीलीणबाईंनी दोनदा मागं वळून नवरा जागा आहे ना ते पाहिलं.

शेवटी ती म्हणाली, "बाबा, मी जाऊ ना?"

नाही म्हणायला दात लागतात, हे वकीलसाहेबांना सकाळपासून चांगलं कळलं होतं. दुसऱ्या उत्तराला ते लागत नव्हते.

"हो," ते म्हणाले. अगदी स्पष्ट.