गलका पथक आणि टिटवीची हाक

एका जंगलात एके सकाळी टिटवीच्या हाकेला उत्तर आलं नाही.

यात काय मोठंसं, असं म्हणाल तुम्ही. पण मुलांनो, त्या जंगलात एक रीत होती. धोका दिसला की टिटवीने ओरडायचं. पलीकडच्या काठावरच्या वानराने "ऐकलं" म्हणायचं आणि टोळी घेऊन धावत यायचं. टिटवीच्या पणजीपासून यात खंड नव्हता.

आणि त्या सकाळी तिला तरवडाच्या झुडपामागे मुंगसाची शेपटी दिसली होती. नदीच्या वाळूत तिची चार अंडी होती. पहिलीच.

तशी ती शिकलेली, वडाखालच्या कॉलेजात पहिली आलेली. नियम पाठ होता: अंड्यांपासून लांब जायचं, मगच ओरडायचं. जवळून ओरडणं म्हणजे मुंगसाला पत्ता देणं. ती लांब गेली, ओरडली. वानर आला नाही. समोरच्या बाभळीवरून मात्र तिचीच हाक आली. मग करंजावरून. मग चहूकडून. ती अशी दचकली की स्वतःच्याच आवाजाला घाबरून उडाली. मुंगूसही चक्रावलं आणि निघून गेलं.

टिटवी वानराकडे गेली. "मामा, माझी हाक ऐकू येत नाही का?"

"येते की. दहा-दहा ठिकाणांहून येते," वानर म्हणाला. "परवा धावत गेलो, तर फांदीवर कोतवाल. हसतोय. सराव चाललाय म्हणे. आता मी उठतच नाही बघ."

कोतवाल म्हणजे तो काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी. कुणाचीही नक्कल करतो. या कोतवालांचं एक गलका पथक होतं आणि त्याला मोठा इतिहास होता. फार पूर्वी डोंगरावरचे ससाणे शीळ घालून एकमेकांना खुणावत आणि मिळून झडप घालत. तेव्हा कोतवाल थेट त्यांच्यात घुसले आणि हुबेहूब तशाच शिळा घालू लागले. वर चला. नको, खाली चला. ससाणे एकमेकांवर आपटले आणि पुन्हा फिरकले नाहीत. सिंहाने पथकाला मोरपीस दिलं.

पंचाईत त्यानंतर झाली. ससाणे येईनात, पण मोरपीस तर घेऊन बसलेले. सराव सोडून कसं चालेल? शत्रूचे आवाज संपले म्हणून त्यांनी घरचे घेतले.

टिटवी पथकप्रमुखाकडे गेली. तो मोरपिसावरची धूळ झटकत होता.

"साहेब, माझी हाक पोचत नाही."

"नक्की?"

"नक्की."

प्रमुखाचे डोळे भरून आले. "अरे, ऐकलंत का? टिटवीची हाकसुद्धा पोचत नाही. इतिहासात घाला हे, शेवटच्या प्रकरणात. ताई, तुमच्या आवाजावर फार मेहनत घेतली हो पोरांनी."

"पण मुंगूस आलंय."

"कोण म्हणतं? आमच्याकडे एकही हाक आलेली नाही."

"तुम्हीच ती दाबलीत ना."

"मग येईल कशी?" प्रमुख समजुतीने म्हणाला.

"थोडे दिवस सराव थांबवा. अंडी फुटेपर्यंत तरी."

"थांबलो तर शत्रूला कळेल."

"शत्रू आहे कुठे?"

"बघा. दिसतसुद्धा नाही. हे कुणामुळे?"

टिटवीला रडू आलं. प्रमुखालाही जरा वाईट वाटलं. "असं करा, उद्या आमचा सुवर्णमहोत्सव आहे. माझ्या भाषणाआधी सगळं पथक चोच मिटून उभं राहणार. तेव्हा मारा हाक. तुम्हालाही मान, आम्हालाही."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गलका चालू होता. टिटवी अंड्यांवर बसून शांततेची वाट बघत होती. शांतता झाली की लांब उडायचं, मग ओरडायचं, असं ती मनात घोकत होती.

तेवढ्यात तरवडाचं झुडूप हललं. आणि त्याच क्षणी गलका थांबला. एकदम. इतकी शांतता तिने जन्मात ऐकली नव्हती. ती दचकली आणि बसल्या जागेवरून, अंड्यांवरूनच, जिवाच्या आकांताने ओरडली.

हाक साऱ्या जंगलात स्वच्छ घुमली. पलीकडच्या काठावर वानराने कूस बदलली.

"ऐकलं," तरवडामागून नम्र आवाज आला. "इतके दिवस नुसता गोंधळ होता, ताई. आज कुठे नीट कळलं, हाक कुठून येते ते."

तात्पर्य : संकटात हाक मारत राहावी. ज्याला गरज असते, तो ऐकतोच.