घराखालची ओल मीच घालवली

सुरुवातीलाच सांगून टाकतो : आमच्या घराखालची ओल मी घालवली. मी, वेन्डेल टिप्टन, वय सत्तेचाळीस, जमीन-नोंदणी कचेरीतला कारकून. स्प्रूस फोर्क गावात तुम्ही कुणालाही विचारलंत, तर तो दुसऱ्याच माणसाचं नाव सांगेल. म्हणून विचारू नका.

झालं असं की माझी बायको मार्लीन दोन हिवाळे सारखी खोकत होती. डॉक्टरनं तिची छाती तपासली, घसा तपासला, मग आमचा पत्ता विचारला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "घराखाली कधी डोकावलात का?"

आता, आमच्या या डोंगरात घरं जमिनीला टेकत नाहीत. विटांच्या बुटक्या भिंतींवर उभी असतात आणि खाली अडीच फुटांची अंधारी पोकळी असते. तिथं पाइप असतात, कोळी असतात आणि वर्षातून एकदा शिव्या देत प्लंबर असतो. बारा वर्षांपूर्वी एका कामासाठी मी खाली उतरलो होतो, त्यानंतर आत्ता डोकावलो. माती ओलीगच्च. तुळयांवर पांढरी बुरशी. वास तर असा, की कुणीतरी भिजलेले मोजे डब्यात घालून डबाच विसरून गेलंय. ही हवा फळ्यांच्या फटींतून वर येऊन माझ्या बायकोच्या छातीत जात होती. मला भयंकर राग आला. (मला राग क्वचितच येतो. हेही मार्लीनला विचारू नका.)

एका कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला. त्यानं आकडा सांगितल्यावर मी त्याला दुसरा कप कॉफी विचारली नाही. त्याची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी मार्लीनला म्हणालो, "हे मी स्वतः करणार."

मार्लीन खोकली. तो खोकला नेहमीचा होता की मताचा, हे मला अजून कळलेलं नाही.

खरी अडचण होती सासऱ्यांची. हॉइट लेडफर्ड. वय एकोणऐंशी. हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं, लग्नात मुलीला दिलं आणि रस्त्यापलीकडं जाऊन राहिले, म्हणजे तिथून त्यांना ते नीट दिसेल. घराच्या तळभिंतीत त्यांनी दहा झरोके ठेवलेत. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला, टर्की भट्टीत गेली की, ते हे दहा झरोके बंद करतात. ईस्टरच्या आदल्या शनिवारी टोपी काढून, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून ते उघडतात. पन्नासच्या वर वर्षं झाली, यात खंड नाही.

"बंद करणार? झरोके?" ते म्हणाले.

"हो, मिस्टर हॉइट."

"कायमचे?"

"कायमचे. खाली जाड प्लास्टिक, भिंतींना फोमचे तक्ते, फटी बुजवायच्या, झालं."

"पोरा, घराला श्वास घ्यायला लागतो."

"त्याच श्वासानं तुमच्या मुलीला खोकला झालाय!"

"ती लहानपणापासून खोकते."

"लहानपणापासून ती याच घरात राहते!"

यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी एखादा पाइप आहे आणि कुठूनतरी गळतोय. मग म्हणाले, "ठीक. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या आवारात जेवणं असतात, सगळं गाव असतं. तोवर तिचा खोकला गेला, तर मी भर चर्चमध्ये उभा राहून म्हणेन, की वेन्डेल बरोबर होता. नाही गेला, तर झरोके उघडायचे आणि परत माझ्या घराबद्दल तोंड उघडायचं नाही."

"माझ्या घराबद्दल," मी म्हणालो.

"बघू," ते म्हणाले.

तुम्हाला वाटेल, यात एवढं काय. लग्नाला बारा वर्षं झाली, त्या घराण्यात मला 'तू बरोबर आहेस' असं कुणीही म्हटलेलं नाही. एकदा मी म्हणालो, "बाहेर पाऊस पडतोय," तर हॉइट उठून बघून आले. तेव्हा मला बायकोचा खोकला घालवायचा होता आणि ते वाक्यही ऐकायचं होतं. दोन्ही हवं होतं. का असू नये?

फेब्रुवारीपासून दर शनिवारी मी पांढरा कागदी डगला, गुडघ्यांना गाद्या आणि डोळ्यांवर चष्मा चढवून घराखाली सरपटू लागलो. वर मार्लीन चालायची, खाली मी पाठीवर पडून ठोकायचो. ती पायानं फळीवर दोनदा ठोकायची, म्हणजे जेवायला ये. फटींत फवारायचा फोम अंगाला एकदा लागला की निघत नाही, वाळतो आणि वाढतो. एका सोमवारी मी कचेरीत गेलो तर एक शेतकरी कागद पुढं करता करता थांबला आणि म्हणाला, "साहेब, कानातून काहीतरी बाहेर येतंय." मी म्हणालो, "येऊ दे." एका माणसानं किती गोष्टींना तोंड द्यायचं?

सगळ्या पोकळीत प्लास्टिक अंथरलं. फक्त मागचा कोपरा राहिला होता. तिथं सापाची कात पडली होती, सव्वा हात लांब. मी भित्रा नाही, पण कातीचा मालक कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्या कोपऱ्यात मी प्लास्टिक पोछ्याच्या दांड्यानं लांबूनच ढकललं. मग बाहेर येऊन, घराभोवती फिरून, भिंतीतली एकूण एक भोकं फोमनं बुजवली. अकरा होती, अकराच्या अकरा बुजवली. एकही सोडलं नाही. (हे वाक्य तेव्हा मी फार अभिमानानं बोलत असे.)

हवेतलं पाणी ओढणारं यंत्र खाली बसवलं. ओल मोजायचं छोटं यंत्र स्वयंपाकघरात लावलं. काटा पंचावन्न टक्क्यांच्या खाली यायला हवा होता. पहिल्या दिवशी अडुसष्ट. आठवड्यानं चौऱ्याहत्तर. पुढच्या आठवड्यात एक्याऐंशी.

"वाढतंय की," मार्लीन म्हणाली.

"निघायच्या आधी ओल उसळतेच," मी ठासून सांगितलं. (असं कुठंही लिहिलेलं नाही.)

त्याच सुमाराला आमच्या चर्चमध्ये आठवडाभर रोज सभा झाल्या आणि चौदा जणांनी पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याचे पांढरे झगे धुऊन वाळवणं हे मार्लीनचं काम. तिच्या आईचंही तेच होतं. ड्रायर दोन दोनदा फिरवला तरी झगे ओलेच बाहेर यायचे. ती ते हातानं पिळून खुर्च्यांवर, दारांवर, फ्रिजवर घालायची. आमच्या स्वयंपाकघरात चौदा बिनडोक्याची माणसं बसलेली असत आणि त्यांच्यामधून वाट काढत मी न्याहारीचं बिस्किट खायला जायचो. खोकला आणखी वाढला. मी यंत्राची बादली दिवसातून तीनदा ओतायला बाहेर जायचो. पलीकडं ओसरीत बसून हॉइट मोठ्यानं मोजायचे, "आजची तिसरी!"

"श्वास कोंडलाय घराचा," ते ओरडायचे.

"घराला फुप्फुसं नसतात!" मी ओरडायचो. शेजारी पडदे सरकवून बघायचे. बघू देत.

माघार मी घेतली नाही. मोठं यंत्र आणलं, पंखा लावला, फटींवर दुसरा हात फिरवला. वर बायको खोकत होती आणि खाली मी हट्टानं आणखी फोम मारत होतो. रागापेक्षा भीती जास्त होती, हे आता सांगायला हरकत नाही.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी मी दुकानातून परत आलो तर हॉइट टोपी काढून घराच्या मागच्या भिंतीशी वाकलेले. स्क्रूड्रायव्हर चालेना म्हणून त्यांनी खिशातला चाकू काढून एक भोक खरवडून मोकळं केलं होतं.

"एकच उघडलंय," ते म्हणाले. "रिवाज मोडायचा नाही म्हणून. हात लावून बघ, केवढा श्वास सोडतंय बिचारं!"

मी हात लावला. भोकातून गरम वारा येत होता. गरम, दमट, आणि साबणाचा वास असलेला. आत ड्रायर चालू होता.

बारा वर्षांपूर्वीचं ते काम मला आठवलं. लग्नानंतर मी मार्लीनसाठी ड्रायर आणला आणि त्याची वाफ बाहेर जायला ते भोक मीच पाडलं. पाइप आतून नुसता टेकवून ठेवला, नंतर पक्का करू म्हणून. तो त्या कातीच्या कोपऱ्यात होता, म्हणून मला दिसलाच नाही, आणि भोक बुजल्यावर सगळी वाफ तिथून घराखालीच सुटत होती. म्हणजे पाच आठवडे घरच्या कपड्यांचं आणि वर चौदा झग्यांचं पाणी मी स्वतः घराखाली भरत होतो आणि यंत्र लावून बादलीनं उपसत होतो.

"काय झालं?" हॉइट म्हणाले.

"काही नाही," मी म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असतात?

त्या दिवसापासून काटा घसरू लागला. एकाहत्तर. साठ. एकोणपन्नास! वास गेला. तुळया कोरड्या खडखडीत झाल्या. आणि एप्रिलअखेर एका सकाळी न्याहारीला मार्लीन अजिबात न खोकता एक संपूर्ण वाक्य बोलली. वाक्य होतं, "दूध संपलंय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड फिरवून फ्रिजमध्ये बघत राहिलो.

आणि मे महिन्याचा पहिला रविवार उजाडला. बाहेर झाडाखाली टेबलांवर तळलेली कोंबडी आणि केळ्याचं पुडिंग झाकून ठेवलं होतं. आत हॉइट उभे राहिले.

"माझ्या मुलीचा खोकला गेला," ते म्हणाले, "देवाच्या कृपेनं आणि या चाकूनं. जावयानं घर कोंडलं होतं. मी एक भोक पाडलं, घरानं श्वास घेतला. कारण घराला—"

"आमेन!" सगळं चर्च म्हणालं.

मी मार्लीनकडं पाहिलं. ती बापाकडं कौतुकानं बघत होती. ते मला सोसवेना.

प्रवचन संपलं, शेवटचं गाणं सुरू झालं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, एरवी मला ठाऊक होतं की या गाण्याला जो उठून पुढं जातो, तो पापं कबूल करायलाच जातो. मी उठलो. मार्लीननं कोट ओढला, "खाली बस!" मी बसलो नाही. सरळ पुढं गेलो.

पाद्री ग्रिग्जनी माझे दोन्ही हात धरले. "बोल भावा. मन मोकळं कर."

"ते भोक झरोक्याचं नव्हतं! ड्रायरचं होतं! आणि ते मीच बुजवलं होतं!"

"आमेन!"

"तीन आठवडे मला माहीत होतं आणि मी लपवून ठेवलं!"

"आमेन, आमेन!"

तिसऱ्या बाकावरून मार्लीन उठली. "वेन्डेल! मी चौदा झगे हातानं पिळले! माझी मनगटं गेली! आणि तू माझ्या ड्रायरचं तोंड बुजवलंस?"

या वेळचं आमेन फक्त बायकांचं होतं, पण खिडक्या हलल्या.

"मुद्दा तो नाही!" मी ओरडलो. "मुद्दा असा, की बाकीचे दहा झरोके अजून बंद आहेत, आणि म्हणूनच घर कोरडं आहे!"

पण तोवर गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं होतं. लोक डोळे पुसत होते. पाद्री माझ्या कानाशी म्हणाले, "भावा, तुझा बाप्तिस्मा झालाय?"

"मेथडिस्ट पंथाच्या चर्चमध्ये लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडलंय."

"म्हणजे नाही," ते प्रेमानं म्हणाले.

पुढच्या रविवारी मला ओढ्यात बुडवून काढलं. आमच्या डोंगरातल्या ओढ्याला मे महिना आल्याचं कुणी कळवत नाही. दात वाजवत मी काठावर आलो तर मार्लीन टॉवेल घेऊन उभी होती. हसत होती, पोट धरून, आणि एकदाही खोकली नाही. माझं डोकं पुसता पुसता हळूच म्हणाली, "घराचं तुझं बरोबर होतं. ड्रायरचं मी मरेपर्यंत विसरणार नाही."

बारा वर्षांनी ऐकलं ते वाक्य. पण कानात पाणी गेलं होतं, म्हणून तिला पुन्हा म्हणायला सांगितलं. ती नाही म्हणाली.

तेवढ्यात गावातल्या ओपलबाई काठावरून लगबगीनं आमच्याकडं आल्या. त्यांच्याही घराखाली ओल आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मी टॉवेल सावरून ताठ उभा राहिलो. त्या मला वळसा घालून हॉइटकडं गेल्या.

"हॉइट, आमचंही घर एकदा बघशील का रे?"

"शुक्रवारी येतो," हॉइट म्हणाले. "मला वाकवत नाही आता. पण जावई सरपटेल."

मी तिथल्या तिथं, सगळ्यांदेखत, साफ सांगितलं की मी येणार नाही.

शुक्रवारी ओपलबाईंच्या घराखाली मी पोटावर पडलो होतो. हॉइट बाहेर खुर्ची टाकून गोड चहा पीत बसले होते आणि काठीनं भिंतीवर ठोकून सांगत होते, "इथं एक भोक पाड, पोरा." मी ओरडून सांगितलं, की घर कोरडं ठेवायचं शास्त्र मला कळतं, आणि माझ्या हातून एकही भोक पाडलं जाणार नाही.

(एकच पाडलं. लहानसं.)